शेजारच्या आसनावर बसणाऱ्यांसाठी: गोल्फ कार्ट, कार आणि निवृत्तांच्या वसाहतीविषयी एक खुले पत्र

प्रति,
उत्तर अमेरिकेतील महाराष्ट्र मंडळांच्या कार्यकारिणी आणि निवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेले सर्व सभासद यांस

विषय: फ्लोरिडातील ‘द व्हिलेजेस’मध्ये घर घेण्यापूर्वी गोल्फ कार्ट आणि कार यांचा विचार करण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

गेल्या दोन हिवाळ्यांत न्यू जर्सी, मिशिगन आणि शिकागो या भागांतील ओळखीच्या, आणि ओळखीच्यांच्याही ओळखीच्या, बऱ्याच मराठी कुटुंबांचे मला फोन आले. घर केवढ्याला पडते, दरमहाचे सुविधाशुल्क किती, कढीपत्ता आणि ज्वारीचे पीठ कुठे मिळते, शाकाहारी माणसाची आबाळ होते का, असे प्रश्न ओळीने विचारून झाले की फोन ठेवता ठेवता, थोडे हसत, शेवटचा प्रश्न येतो: ‘आणि तिथे सगळे खरेच त्या गोल्फ कार्टमधून फिरतात का हो?’ हा प्रश्न गमतीचा समजून शेवटी विचारला जातो. आठ वर्षे येथे राहिल्यावर माझे मत असे झाले आहे की तो सर्वांत आधी आणि गंभीरपणे विचारायला हवा, आणि घरातल्या ज्या व्यक्तीने आजवर कधीच गाडी चालवलेली नाही किंवा चालवणे सोडून दिले आहे, तिने तो विचारायला हवा. फोनवर तुकड्यातुकड्यांनी दिलेले उत्तर एकदा सलग लिहून काढावे, म्हणून हे पत्र.

ज्यांनी ही वसाहत पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देते. ऑरलँडोच्या वायव्येला सम्टर, लेक आणि मॅरियन या तीन काउंट्यांत द व्हिलेजेस पसरलेली आहे. तिचे मूळ ‘ऑरेंज ब्लॉसम गार्डन्स’ नावाच्या, कारखान्यात बांधून आणलेल्या साध्या घरांच्या आवारात आहे. १९८०च्या दशकात हॅरॉल्ड श्वार्ट्झ आणि त्यांचे चिरंजीव गॅरी मोर्स यांनी त्याला गोल्फची मैदाने, पोहण्याचे तलाव आणि क्लबघरे जोडत नेली आणि १९९२ मध्ये त्याचे आजचे नाव ठेवले. २०२०च्या जनगणनेत या महानगर क्षेत्राची लोकसंख्या सुमारे १,३०,००० भरली. आधीच्या दहा वर्षांत ती ३९ टक्क्यांनी वाढली होती, आणि इतक्या वेगाने वाढलेले दुसरे महानगर क्षेत्र त्या दशकात संपूर्ण अमेरिकेत नव्हते. ५५ वर्षांवरच्या माणसांसाठी असलेली वसाहत देशात सर्वांत वेगाने वाढावी, यावरून आपल्या पिढीची संख्या आणि तिची हौस या दोन्हींचा अंदाज यावा.

वसाहत यूएस २७/४४१ या महामार्गाच्या दोन्ही अंगांना पसरली, तेव्हा त्या महामार्गावरून केवळ गोल्फ कार्टसाठी पूल बांधण्यात आला. पुढे दक्षिणेकडे विस्तार झाल्यावर टर्नपाइक हा टोलचा महामार्ग ओलांडण्यासाठीही तशीच सोय झाली. आज कार्ट, सायकली आणि पादचारी यांच्यासाठी मुख्य रस्त्यांच्या कडेने सुमारे शंभर मैलांचे वेगळे मार्ग आहेत, आणि मोठा रस्ता आडवा आला की ते बोगद्यातून पलीकडे निघतात. किराणा, बँक, दंतवैद्य, चर्च, नाचाचा चौक या सर्व ठिकाणी कार्ट लावण्यासाठी आखलेल्या छोट्या जागा असतात. सप्टेंबर २००५ मध्ये येथे ३,३२१ कार्टची मिरवणूक निघाली आणि तिची नोंद गिनीजच्या विक्रमांत झाली. ती पाहिलेली माणसे अजूनही तिचे वर्णन आपल्याकडच्या विसर्जन मिरवणुकीच्या थाटात करतात.

(‘कार्ट’चे अनेकवचन मराठीत ‘कार्टी’ करण्याचा मोह मला दरवेळी आवरावा लागतो. नातवंडे सुटीला आली की तो शब्द दोन्ही अर्थांनी लागू पडतो, पण त्यांच्याविषयी पुढे लिहिते.)

आता मुख्य गोष्टीकडे वळते. येथे रस्त्यावर तीन प्रकारची वाहने दिसतात आणि नव्याने येणारा माणूस त्यांतली पहिली दोन एकच समजतो. गोल्फ कार्ट म्हणजे फ्लोरिडाच्या कायद्यानुसार गोल्फच्या मैदानावर वापरण्यासाठी बनवलेले आणि ताशी २० मैलांहून अधिक वेगाने जाऊ न शकणारे वाहन. त्याला नोंदणी लागत नाही, नंबरपाटी लागत नाही आणि कारसारखा सक्तीचा विमाही लागत नाही. दुसरे वाहन दिसायला जवळपास तसेच, पण ताशी २० ते २५ मैल वेगाचे. कायद्यात त्याला ‘कमी वेगाचे वाहन’ असे वेगळे नाव आहे. त्याला नोंदणी, नंबरपाटी, विमा आणि चालकाकडे परवाना हे सर्व लागते. पुढची काच, सीटबेल्ट, आरसे, वळणाचे आणि ब्रेकचे दिवे हेही त्यात असावेच लागतात, आणि ज्या रस्त्यांची वेगमर्यादा ताशी ३५ मैल किंवा त्याहून कमी आहे अशाच रस्त्यांवर ते नेता येते. तिसरे वाहन म्हणजे आपली नेहमीची कार.

हा मधला वर्ग केंद्र सरकारने १९९८ मध्ये निर्माण केला, आणि त्यामागचे कारण मला फार मनोरंजक वाटते. ॲरिझोनातील सन सिटी १९६० मध्ये सुरू झाली, आणि तिच्यासारख्या वसाहतींतील ज्येष्ठ मंडळी त्यानंतरच्या दशकांत मैदानावरची गाडी घेऊन थेट वाण्याकडे जाऊ लागली. राज्ये त्यांना मुभा देत गेली आणि कारखानदार वेग वाढवत गेले. मात्र २० मैलांपुढे गेलेले वाहन केंद्रीय नियमांच्या लेखी थेट प्रवासी कार ठरत असल्याने तिढा निर्माण झाला, आणि तो सोडवण्यासाठी हा नवा वर्ग काढावा लागला. थोडक्यात, म्हातारी माणसे पुढे गेली आणि कायदा त्यांच्यामागून धावत आला.

यातून घ्यायची व्यावहारिक गोष्ट अशी की जुनी कार्ट विकत घेताना विकणारा जर अभिमानाने ‘ही पंचवीसला पळते’ असे सांगत असेल, तर ती कार्ट कायद्याने गोल्फ कार्ट राहिलेली नाही. तिची नोंदणी आणि विमा नसेल तर दंड आणि अपघात झाल्यास होणारा मनस्ताप तुमच्या वाट्याला येईल. साध्या गोल्फ कार्टला विम्याची सक्ती नसली तरी तो घ्यावा, कारण कारच्या विम्यात कार्ट आपोआप समाविष्ट होते असे समजणे चूक आहे. आणखी एक भ्रम येथेच दूर करते: कार्ट चालवतानाही मद्यपानाचा कायदा कारइतकाच लागू होतो. संध्याकाळी चौकात गाणे ऐकता ऐकता घेतलेल्या दोन ग्लासांना ‘कार्ट तर आहे’ हे उत्तर पोलिसांपुढे चालत नाही.

कायद्यापेक्षा मला जास्त लिहायचे आहे ते शेजारच्या आसनाविषयी. मी व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट होते. मनगट, खुबा आणि खांदा मोडलेली ज्येष्ठ माणसे पुन्हा उभी करण्यात माझी चौतीस वर्षे गेली, आणि तरीही येथे आल्यावर पहिल्याच वर्षी माझे स्वतःचे मनगट मोडले ते कार्टमधून पडून. प्रसंग अगदी साधा होता. शेजारच्या गल्लीतील एका मैत्रिणीकडे पुरणपोळ्यांचा डबा घेऊन आम्ही निघालो होतो. यजमान चालवत होते, डबा माझ्या मांडीवर होता आणि तो सांडू नये म्हणून माझे दोन्ही हात त्याच्यावर होते. बोगद्याकडे उतरणाऱ्या वाटेवर समोरून सायकलवाला आला, यजमानांनी डावीकडे जरा झटक्याने वळवले, आणि मी डब्यासकट उजव्या बाजूने बाहेर. वेग पंधरा मैलांहून अधिक नव्हता. यजमान जागचे हललेही नव्हते.

त्यांना काही झाले नाही आणि मी पडले, हे नशीब नव्हते, तर ती त्या वाहनाची रचना होती. कार्टला दार नसते. डावीकडे वळताना अंग उजवीकडे फेकले जाते. चालकाच्या हातात सुकाणू असते, म्हणून तो त्याला धरून राहतो, तर शेजारी बसलेल्याच्या उजवीकडे आसनालगतची, जेमतेम खुब्याच्या उंचीची एक आडवी दांडी असते आणि तिच्यापलीकडे सरळ रस्ता. बहुतेक साध्या कार्टना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. उतारावर एकदम दाबले तर मागची बाजू घसरते आणि तोच झटका पुन्हा शेजारच्यालाच बसतो. मागे तोंड करून बसायचे आसन असेल तर तेथे बसलेल्याची अवस्था याहून वाईट, कारण त्याला वळण येताना दिसतच नाही. साध्या गोल्फ कार्टला सीटबेल्टची सक्ती नाही, म्हणून बहुतेक कार्टमध्ये तो नसतो, आणि जेथे असतो तेथे तो आसनाच्या फटीत गेलेला असतो.

बेल्टविषयी येथे जोरदार मतभेद आहेत हे मला मान्य आहे. कार्ट उलटली तर छत चेपते आणि बांधलेला माणूस अडकतो, म्हणून बेल्ट नसलेलाच बरा, असे म्हणणारी सुजाण माणसे माझ्या परिचयात आहेत. मात्र मी पाहिलेली माणसे कार्ट उलटल्यामुळे जखमी झालेली क्वचितच होती. ती वळणावर बाहेर पडलेली होती, आणि त्यांत आमच्या वयाच्या, मांडीवर काही ना काही धरून बसलेल्या बायका अधिक होत्या. त्यामुळे मी माझ्या कार्टला दोन्ही आसनांवर बेल्ट लावून घेतले. डबा, पूजेचे ताट, कुंडी, नातवाचे खेळणे यांतले काहीही मांडीवर घेत नाही, ते मागच्या टोपलीत जाते. साडीवर कार्टमध्ये बसताना पदर आणि निऱ्या बाहेर राहणार नाहीत एवढे पाहावे लागते. आपल्याकडे स्कूटरच्या मागे बसताना ते शिकलेलेच आहे.

आणि येथूनच माझ्या पत्राचा खरा मुद्दा सुरू होतो. आपल्या पिढीतील कितीतरी जोडप्यांत गाडी चालवणे हे यजमानांचे काम आहे. बायकोला परवाना असतो, ती शाळेपर्यंत किंवा दुकानापर्यंत वर्षानुवर्षे चालवतही आलेली असते, पण दोघे एकत्र निघाले की किल्ली त्यांच्या हातात आणि ती शेजारी, ही वाटणी चाळीस वर्षांत इतकी पक्की झालेली असते की ती वाटणी आहे हेच दोघांना जाणवत नाही. मीही त्यातलीच. पुण्यात महाविद्यालयात असताना मी लूनावरून डेक्कन ते कॅम्प एकटी फिरत होते, आणि अमेरिकेत आल्यावर पाहता पाहता प्रवासी झाले. कार्ट आली तेव्हाही पहिल्या दिवसापासून ती यजमानांनीच चालवली, आणि मला त्यात काही वावगे वाटले नाही.

चार वर्षांपूर्वी यजमानांच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग खराब होत असल्याचे निदान झाले. या आजाराचा स्वभाव फसवा असतो. कडेची नजर शाबूत राहते, त्यामुळे माणूस घरात कुठे धडपडत नाही आणि आपल्याला सर्व दिसते असे त्याला प्रामाणिकपणे वाटत असते, पण समोरच्या नेमक्या ठिकाणी असलेला पादचारी त्याला उशिरा दिसतो. डॉक्टरांनी कार थांबवायला सांगितली. यजमानांचे वय तेव्हा ७७ होते. फ्लोरिडात परवान्याचे नूतनीकरण करताना दृष्टीची तपासणी ८० वर्षांपुढच्यांना बंधनकारक आहे, त्यामुळे त्यांचा परवाना कागदोपत्री वैध होता. त्यांनी तो निमूटपणे बाजूला ठेवला, याचा मला आजही आदर वाटतो. पण घरी आल्यावर ते म्हणाले, ‘ठीक आहे, कार तू चालव. मला कार्ट आहे.’

कायदा त्यांच्या बाजूने होता, हे मला शोधल्यावर कळले. १ ऑक्टोबर २०२३ पासून फ्लोरिडात सार्वजनिक रस्त्यावर कार्ट चालवण्यासाठी १८ वर्षांखालच्या मुलाकडे शिकाऊ किंवा पूर्ण परवाना असावा लागतो. १८ वर्षांवरच्या व्यक्तीला मात्र सरकारने दिलेले छायाचित्र असलेले ओळखपत्र पुरते. म्हणजे ज्याचा वाहनपरवाना डोळ्यांमुळे गेला आहे तोसुद्धा ओळखपत्र खिशात घालून कार्ट चालवू शकतो. ज्याला कारचा रस्ता झेपत नाही त्याला घराबाहेर पडण्याची एक तरी वाट राहावी, हा यातील दयाळू विचार मला समजतो, आणि एकटेपणाने खंगलेली माणसे पाहिलेली असल्यामुळे मी त्या दयेची खिल्ली उडवणार नाही. परंतु कार्टच्या वाटेवरच माणसे चालतात, कुत्री फिरवतात, सायकली चालवतात. कारमधून न दिसणारा पादचारी कार्टमधून दिसू लागत नाही. वेग कमी असल्यामुळे चूक सावरायला वेळ मिळतो हे खरे, पण ज्याला धडक बसते तोही बहुधा ऐंशीचाच असतो आणि त्याच्या खुब्याला पंधरा मैलांचा वेग पुरेसा होतो.

आमच्या घरात या विषयावर तीन आठवडे अबोला होता, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. अखेर तोडगा निघाला तो असा की कार्ट मी चालवीन आणि ते शेजारी बसतील. त्या दिवशी मी ६९ वर्षांची होते आणि मला कार्ट मागे घ्यायची कशी हेही येत नव्हते. उलट चाल लागली की ती पीप-पीप वाजते, त्या आवाजाने मी दचकून ब्रेक दाबत असे. बोगद्याच्या तोंडाशी समोरचे दिसत नाही म्हणून हॉर्न कधी द्यायचा, चार वाटा मिळतात तेथे आधी कोण जातो, उतारावर पाय आधीच सैल कसा ठेवायचा, हे मला शेजारच्या अमेरिकन बाईने रिकाम्या चर्चच्या आवारात चार सकाळी शिकवले, कारण यजमानांकडून शिकण्याइतका आमचा संसार मजबूत नाही. आज सहा दिवसांपैकी पाच दिवस मीच आम्हा दोघांना नेते. यजमान शेजारी बेल्ट लावून बसतात आणि प्रत्येक वळणावर सूचना देतात.

हे आधी शिकले असते तर तीन आठवड्यांचा अबोला टळला असता, आणि ज्या घरांत बायकोने शिकायचे नाकारले त्या घरांतल्यासारखी आमची अवस्था होण्याची भीती मला इतके दिवस वाटली नसती. तशी दोन मराठी घरे मला माहीत आहेत. तेथे यजमानांची गाडी थांबल्यावर दोघांचेही जग अंगणाच्या कुंपणापर्यंत आले, कारण पुण्या-मुंबईसारखा कोपऱ्यावर उभा असणारा रिक्षावाला येथे नाही, दर दहा मिनिटांनी येणारी बसही नाही. मोबाइलवरून गाडी बोलावता येते, पण दूध आणायला आणि योगवर्गाला रोज ती बोलावणे कोणाच्या जिवावर येत नाही? मध्यंतरी आपोआप चालणाऱ्या टॅक्सीची आशा लागली होती. व्हॉयेज नावाच्या कंपनीने २०१८ पासून येथे विनाचालक मोटारींची चाचणी सुरू केली होती आणि ज्येष्ठांसाठी हेच उत्तर, असे सगळे म्हणत होते. २०२१ मध्ये जनरल मोटर्सच्या क्रूझ या विनाचालक मोटारींच्या कंपनीने ती घेतली, आणि २०२४ च्या अखेरीस जनरल मोटर्सने क्रूझच्या टॅक्सीचाच नाद सोडला. तेव्हा त्या आशेवर घर घेऊ नये.

घर निवडताना काय पाहावे, हे यावरून ठरते. विक्रेता तुम्हाला कारमधून फिरवतो. त्याला नम्रपणे सांगून एक कार्ट भाड्याने घ्या आणि ज्या घराचा विचार आहे तेथून किराणा दुकान, दवाखाना, औषधांचे दुकान आणि जवळचे मनोरंजन केंद्र येथे दोघांनीही स्वतः चालवत जाऊन पाहा. घड्याळ लावा. १० मैलांचे अंतर कार्टने कुठेही न थांबता गेले तरी अर्धा तास लागतो. वळणे, थांबे आणि बोगदे धरले तर पाऊण तास, आणि परत येताना पुन्हा तेवढाच. नकाशावर ‘कार्टने जाता येते’ असे असते, पण जाऊन यायला दीड तास लागणाऱ्या दुकानात कोणी कार्टने जात नाही. उत्तरेकडील जुन्या भागांत काही ठिकाणी कार्टची पट्टी मोटारींच्या रस्त्यावरच कडेने आखलेली आहे. दक्षिणेकडील नव्या भागांत वाट पूर्ण वेगळी असते. मोटारींच्या शेजारून चालवण्याचा धीर तुमच्यापैकी कमी सराव असलेल्याला होतो का, हे पाहावे, कारण एक दिवस चालवणार तीच व्यक्ती आहे. नव्या भागांत घरे आधी होतात आणि दुकाने मागाहून येतात, हेही ध्यानात ठेवावे.

कार्ट पेट्रोलची घ्यावी की विजेची, यावर येथे पुरुषमंडळी तासन्‌तास बोलू शकतात, म्हणून मी थोडक्यात आटोपते: पेट्रोलची लांब जाते आणि आवाज करते. जुन्या पद्धतीच्या शिसे-आम्लाच्या बॅटऱ्यांत वेळेवर शुद्ध पाणी घालावे लागते आणि ते वाकून घालावे लागते. लिथियमची बॅटरी महाग पडते आणि वाकावे लागत नाही. माझ्या पूर्वीच्या व्यवसायाला स्मरून मी न वाकण्याच्या बाजूची आहे.

मात्र कार ठेवावीच लागते, निदान काही वर्षे, याबद्दल गैरसमज नसावा. ऑरलँडोचा विमानतळ टर्नपाइकवरून तासाभराचा प्रवास आहे आणि तेथे वेगमर्यादा ताशी ७० मैलांची आहे. कॅसलबेरीचे हिंदू मंदिर, ऑरलँडोचा भारतीय किराणा, गेन्सव्हिलच्या विद्यापीठाचे रुग्णालय, टॅवारेसच्या ‘शांतिनिकेतन’ या भारतीय ज्येष्ठांच्या वसाहतीतील स्नेही, यांतले काहीही कार्टच्या टप्प्यात नाही. उन्हाळ्यात दुपारी येथे जवळजवळ ठरल्या वेळी गडगडाटी पाऊस येतो. कार्टचे प्लास्टिकचे पडदे पाणी अडवतात, वीज अडवत नाहीत, त्यामुळे जून ते सप्टेंबर आमची कार्टची कामे सकाळी अकराच्या आत होतात. राज्याच्या कायद्यानुसार कार्ट सूर्योदय ते सूर्यास्त चालवायची असते. रात्रीसाठी स्थानिक मुभा आणि कार्टला पुढचे, ब्रेकचे, वळणाचे दिवे व पुढची काच असावी लागते. दोन गाड्यांऐवजी एक कार आणि एक कार्ट, हे येथील बहुतेक घरांचे गणित आहे आणि ते योग्य आहे. फक्त दोन्हींच्या किल्ल्या दोघांच्याही हाताला माहीत असाव्यात.

पाहुण्यांविषयी दोन गोष्टी. १९ वर्षांखालच्या नातवंडांना वर्षाला एकूण ३० दिवस येथे राहता येते, आणि त्या ३० दिवसांत आजोबांच्या मांडीवर बसून सुकाणू फिरवण्याचा हट्ट ३० वेळा होतो. तो पुरवू नये. पूर्वी १४ वर्षांचा मुलगा रस्त्यावर कार्ट चालवू शकत असे. २०२३चा बदल झाला तो बरा झाला, आणि ‘मी लहान होतो तेव्हा इथे चालवली होती’ असे सांगणाऱ्या तरुण नातवालाही नियम दाखवावा. दुसरी गोष्ट भारतातून सहा महिन्यांसाठी येणाऱ्या बहीणभावांची, व्याही-विहिणींची. कायद्याच्या शब्दांप्रमाणे पारपत्र हेही सरकारी ओळखपत्रच आहे, म्हणून आपण प्रेमाने किल्ली देतो. माझे धाकटे बंधू कोथरूडमध्ये ५० वर्षे वाहन चालवत आले आहेत, आणि त्याच सवयीने ते समोरून कार्ट येताच बोगद्यात डाव्या बाजूला सरकले. समोरचे गृहस्थ त्यांच्या उजवीकडे, म्हणजे नेमके त्याच बाजूला. दोघेही थांबले, दोघेही हसले, आणि मी मात्र घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाही. पाहुण्यांना रिकाम्या आवारात अर्धा तास तरी उजव्या बाजूचा सराव दिल्याशिवाय बोगद्याकडे नेऊ नये, आणि विमा त्यांना लागू आहे का हे आधी विचारून घ्यावे.

एक अवघड गोष्ट शेवटी लिहिते, कारण ती फोनवर कोणाला सांगता येत नाही. कार्टही एक दिवस थांबवावी लागते, आणि ती कधी थांबवायची हे सांगणारे कोणतेही कार्यालय नाही. मधुमेहाने तळपायांची संवेदना कमी झाली असेल तर पाय कोणत्या पेडलवर आहे हे पायाला कळत नाही. मान पूर्ण वळत नसेल तर मागून येणारी सायकल दिसत नाही. काचबिंदूत कडेची नजर जाते. या तिन्ही तक्रारी आपल्या लोकांत सर्रास आहेत आणि तिन्हींत माणूस इतर बाबतीत ठणठणीत असतो. आम्ही दोघांनी एका कागदावर लिहून ठेवले आहे की वर्षातून एकदा, माझ्या वाढदिवसाच्या आठवड्यात, लेक माझ्या शेजारी बसेल, मी तासभर चालवीन आणि ती जे सांगेल ते मी वाद न घालता ऐकेन. कागदावर मी सही केली तेव्हा यजमान फार समाधानाने हसले, हे नोंदवून ठेवते.

मंडळांच्या कार्यकारिणींना माझी विनंती मर्यादित आहे. ज्येष्ठ सभासदांच्या मेळाव्यांत गुंतवणूक, मृत्युपत्र आणि आरोग्यविमा यांवर व्याख्याने होतात, ती व्हावीतच. त्यांच्या जोडीला एक तास वाहन चालवण्यासाठी ठेवावा. सभागृहाच्या पार्किंगमध्ये भाड्याची एक कार्ट आणावी, आजवर शेजारी बसत आलेल्या प्रत्येक सभासदाला ती सुकाणूमागे बसून एक फेरी मारू द्यावी, आणि त्या वेळी तिच्या किंवा त्याच्या जोडीदाराला शेजारच्या आसनावर, बेल्ट लावून, गप्प बसवावे. फ्लोरिडातील किंवा जवळच्या राज्यातील कोणत्याही मंडळाने असा कार्यक्रम ठरवला तर शिकवण्यासाठी मी येईन. पत्र पोचल्यावर आपापल्या मंडळाची तारीख कळवावी. नोव्हेंबर ते मार्च सोयीचे, कारण तेव्हा येथे फारसा पाऊस नसतो आणि तुमच्याकडच्या मंडळींना फ्लोरिडात यायला निमित्त हवेच असते.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
द व्हिलेजेस येथे राहणारी एक सभासद